सीझन पाच महिन्यांचा, घर बारा महिन्यांचं

मंडळी, आज बोलायचं कामगारांच्या सवलती आणि बक्षिसांवर. इथं बहुतेक जिनिंग-प्रेसिंगवाले आहेत, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे; काही दालमिलवाले. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत जिमचं सभासदत्व देतात की काय देतात, ते बाजूला ठेवू. आपला कामगार नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल आपल्याकडे आणि उरलेले महिने शेतात. सवलत असो की बक्षीस, ते या हिशेबात बसलं पाहिजे. आपल्या योजना नेमक्या तिथंच फसतात.

बक्षिसापासून सुरू करू. आपल्याकडची ठरलेली योजना म्हणजे गाठीमागे पैसे. पाळीत ठरल्यापेक्षा जास्त गाठी निघाल्या की वरच्या प्रत्येक गाठीवर काहीतरी. पहिले चार दिवस उत्पादन वाढतं, सगळे खूश. मग ओला कापूस जिनवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, चढायला लागतो. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, 12 टक्क्यांच्या वर ओलाव्याचा कापूस घेत नाही, पण गाठींच्या नादात आपलाच माणूस ओलावा बघणं सोडतो. फिटर रोलर आणि सुरीची सेटिंग पुढच्या पाळीवर ढकलतो. कचरा वेचणाऱ्या बायांना 'हात उचला' म्हणून घाई होते आणि सुतळी, प्लास्टिक, केस थेट 170 किलोच्या गाठीत जातात. सूतगिरणी भाव कापते तेव्हा बक्षिसाच्या दुप्पट पैसे गेलेले असतात. त्याहून वाईट म्हणजे कापूस अडकला तर यंत्र बंद न करताच हात आत जातो, कारण बंद केलं तर गाठी कमी भरतील.

तेव्हा बक्षीस फोडा. समजा एका पाळीला आठवड्याचे 3,000 रुपये ठेवलेत. 1,200 गाठींवर, 1,000 रुईच्या प्रतीवर आणि 800 यंत्र बंद करूनच अडकलेला कापूस काढला या शिस्तीवर. तिन्ही हिश्श्यांत वेचणाऱ्या बाया आणि हमाल धरायचे, फक्त ऑपरेटर-फिटर नाही. दोन गोष्टी मात्र टाळा. वेचलेल्या कचऱ्याला नगामागे पैसे देऊ नका, घरची सुतळी थैलीत घालून आणतील. आणि 'महिनाभर अपघात नाही' यावर बक्षीस ठेवू नका. त्यानं अपघात थांबत नाहीत, लपतात. बोट चेमटलेला माणूस फडकं बांधून काम करतो, कारण त्याच्यामुळे सगळ्यांचे पैसे जातील. उलट थोडक्यात टळलेला प्रकार सांगणाऱ्याला त्याच दिवशी पन्नास रुपये द्या.

हजेरीच्या बक्षिसातही गोम आहे. 26 दिवस भरले तर 800 रुपये, एक खाडा झाला की शून्य, अशी अट असली तर तिसऱ्या तारखेला खाडा पडलेला माणूस उरलेला महिना बिनधास्त राहतो. त्यापेक्षा पायऱ्या करा: 20 दिवसांना 200, 22 ला 400, 24 ला 600, 26 ला 800. नोव्हेंबर-डिसेंबरात कापूस वेचणीची मजुरी तुमच्याशी स्पर्धा करते, ते विसरू नका. ज्याच्या घरचीच पऱ्हाटी (कपाशी) फुटली आहे तो येणारच नाही. त्याला आधी सांगून चार दिवस बिनपगारी रजा घेण्याची सोय ठेवा आणि ते दिवस खाड्यात धरू नका.

आता बोनस. किमान 8.33 टक्के, कमाल 20 टक्के, आणि वर्षात 30 दिवस काम केलेला हक्कदार. महिना 12,000 च्या हिशेबानं पाच महिन्यांची मजुरी 60,000, तिच्यावर 8.33 टक्के म्हणजे 4,998 रुपये. हिशेबाचं वर्ष मार्चअखेर संपलं तर 30 नोव्हेंबरपर्यंत तो द्यायचा असतो. 'यंदा आलास तर गेल्या सीझनचा बोनस' ही भाषा अनेक ठिकाणी चालते. ती बेकायदा तर आहेच, पण तोट्याचीही आहे. चांगला फिटर एकदा फसतो, मग शेजारच्या जिनवर जातो. दिवाळीच्या आधी चुकारा करा, परत आलेल्याचा आणि न आलेल्याचाही.

पीएफ आणि पेन्शन. इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पेन्शनला 10 वर्षांची पात्र सेवा लागते. आपले लोक म्हणतात, पाच-पाच महिन्यांची दहा वर्षं कधी भरायची? पण हंगामी कारखान्यातल्या कामगाराचं त्या वर्षातलं काम कमी महिन्यांचं असलं तरी ते पूर्ण वर्ष धरलं जातं. दहा सीझन म्हणजे दहा वर्षं. मग पेन्शन बुडते कशानं? एक, ठेकेदार दर सीझनला नवा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, काढतो. दोन, आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, म्हणून केवायसी अडकते. तीन, सीझन संपला की माणूस पीएफचा 10-सी फॉर्म भरून पेन्शनचा हिस्साही काढतो आणि ती वर्षं पुसली जातात. तेव्हा भरतीच्या पहिल्या आठवड्यात जुना यूएएन विचारा, नावं जुळवा, आणि पैसे काढण्याऐवजी पीएफचं स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे भरलेली वर्षं जमा ठेवणारं प्रमाणपत्र, घ्यायला सांगा. याला मालकाचा रुपया लागत नाही, क्लार्कचे दोन दिवस लागतात. ग्रॅच्युइटीतही हंगामी कामगाराला दर सीझनचे 7 दिवसांचे पैसे बसतात, तेही नोंदीवरच अवलंबून.

ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, दालमिलला लागू होतो. निव्वळ जिनिंग-प्रेसिंग करणारा हंगामी कारखाना त्यातून बाहेर आहे. म्हणजे बेल्टमध्ये हात गेला तर नुकसानभरपाई सरळ मालकाच्या अंगावर, ठेकेदाराच्या हमालाचीही. त्यासाठी पॉलिसी घेताना हप्ता वाचवायला माणसं आणि मजुरी कमी दाखवतात. दावा आला की कंपनी नेमकं तेच रजिस्टर मागते.

याच्या जोडीला 20 रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा (अपघाताचा) आणि 436 रुपयांचा पंतप्रधान जीवनज्योती, दोन्ही 2 लाखांचे. हप्ता मेअखेर खात्यातून कापला जातो. त्या वेळी जिन बंद असते, खातं रिकामं असतं आणि विमा गुपचूप बंद पडतो. शेवटच्या चुकाऱ्यात 456 रुपये वेगळे जमा करा आणि ते काढू नका म्हणून सांगा. जीवनज्योतीत शिरायचं वय 50 पर्यंतच आहे, त्याहून मोठ्यांना फक्त 20 वाला.

उचल बंद करू नका, बंद केली तर लोक सावकाराकडे जातील. मर्यादा दहा दिवसांच्या मजुरीइतकी, चार हप्त्यांत परत, बिनव्याजी, आणि एका चुकाऱ्यातून कपात अर्ध्याच्या वर नाही. उचलीच्या नावावर माणूस अडवून ठेवणं वेठबिगारीत मोडतं, हे मुनीमजींनाही माहीत असू द्या. मोठी उचल दोनदाच लागते: मृगाच्या आधी बियाण्याला आणि जूनमध्ये शाळा उघडताना. दोन्ही वेळा तुमचा कारखाना बंद असतो. म्हणून सीझनमध्येच ज्याची इच्छा असेल त्याचे आठवड्याला 200 रुपये त्याच्याच खात्यात आवर्ती ठेवीत टाकायची सोय करा. 20 आठवड्यांत 4,000 होतात, बियाण्याच्या दोन-चार पाकिटांची सोय झाली.

सत्काराबद्दल थोडंच. शाल-श्रीफळ दरवर्षी मशीनवाल्यालाच मिळतं, आणि बायांना एकाच रंगाच्या साड्या, त्याही मालकीणबाईंच्या पसंतीच्या. साडीऐवजी तेवढेच पैसे द्या, बाजाराच्या आदल्या दिवशी. निकष गेटजवळच्या फळ्यावर महिनाभर आधी लिहा, नाही तर निवडलेला माणूस 'मालकाचा माणूस' ठरतो आणि त्याचं बोलणं कोणी ऐकत नाही. नाव जाहीर करताना काम सांगा: कोणत्या पाळीत, कोणत्या जिनवर, काय केलं. आणि निवड करताना पाळीतल्या दोन बायांना समितीत घ्या, कारण कचऱ्यात काय निघालं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.