पाचशे एकचा भोपळा

“चारशे एक! मागून कोणी बोलतंय का? पाचशे एक!”

लिलाव चाललाय एका लाल भोपळ्याचा. जागा भायखळ्यातल्या एका मराठी चर्चचं आवार, दिवस कापणीच्या सणाचा. एका काकांनी पाचशे एक मोजले आणि भोपळा तिथेच परत अर्पण करून टाकला. म्हणजे पुन्हा बोली! सकाळपासून वेदीसमोर ऊस, केळीचे घड, ज्वारीची कणसं मांडलीत. मुंबईत कोणाची शेती आहे? पण यांचे आजे-पणजे आले नगर, राहुरी, जालन्याकडून. कोणी गिरणीत लागलं, कोणी रेल्वेत, कोणी इस्पितळात. शेत तिकडे राहिलं, सण तेवढा सोबत आला.

मुंबईतली जुनी चर्चेस म्हटलं की कॅमेरा आधी फोर्टाकडे वळतो. आम्हीही जाऊन आलो. सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८ च्या नाताळात उघडलेलं. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून तिकडे जात, त्याचं नाव चर्चगेट स्टेशनाला मिळालं. पुढे कुलाब्याचं अफगाण चर्च, १८५८ चं, पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ. दोन्ही देखणी. पण तिथल्या शिळांवर नावं वाचावीत तर बहुतेक साहेबांचीच.

मराठी मंडळींची गोष्ट सुरू होते १८१३ च्या फेब्रुवारीत. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेचं युद्ध पेटलेलं. कंपनी सरकार त्यांना परत धाडायलाच निघालं होतं. ते राहिले. मराठी शिकले, शाळा काढल्या, मिशनने छापखाना घातला, आणि १८२६ मध्ये बायबलचा मराठी नवा करार पुरा झाला. गंमत पुढेच आहे. याच छापखान्याचं काम न्याहाळून गणपत कृष्णाजींनी स्वतःचं छापयंत्र बनवलं आणि छापलं काय, तर पंचांग! मिशनऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

आता आत चला. पेटी, तबला, टाळ. ओवी-अभंगाचं वळण या भिंतींत आणण्यात कवी नारायण वामन टिळकांचा वाटा मोठा. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईतच झाला. मागच्या बाकावरच्या आजी गीतांचं पुस्तक उघडतच नाहीत, चष्मासुद्धा पर्समध्ये. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तिसऱ्या कडव्यात अडखळले, तर आजींनी आवाज चढवून अख्खी मंडळी पुढे नेली.

इथून जवळच नागपाडा. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथे नेबरहूड हाउस, म्हणजे वस्तीसाठीचं समाजकेंद्र, काढलं. १९३६ मध्ये त्याच वास्तूत समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं. त्याचीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली.

चाळी गेल्या, मंडळी पांगली. कोणी कल्याणला, कोणी अंबरनाथला, कोणी विरारला. रविवारची उपासना आणि लोकल गाड्यांचा रविवारचा मेगाब्लॉक यांचं काही जमत नाही. अशा दिवशी पहिलं गीत दोनदा म्हटलं जातं. तेवढ्यात उशिरा येणारे आत सरकून बसतात.

भोपळा तिसऱ्यांदा विकला गेला. या वेळी घेतला अंबरनाथच्या एका ताईंनी, आणि परत काही दिला नाही. महिला मंडळातल्या दोघींनी पिशवीला हात लावून तो स्टेशनपर्यंत आणला. आजही ब्लॉक आहे. धीम्या गाडीत खिडकी मिळाली, भोपळा मांडीवर.