चंद्रताल: शेवटच्या मुक्कामाचं तळं

(दृश्य: पहाट. पाण्यावर एकही तरंग नाही. समोरच्या शिखराच्या टोकाला पहिलं ऊन.)

पहाटे साडेपाच-सहाची वेळ. वारा पडलेला आहे. समोरचा अख्खा डोंगर पाण्यात उलटा उभा आहे, बर्फाच्या रेघांसकट. अजून दोन-तीन तासांनी खोऱ्यातून वारा चढायला लागेल, पाण्यावर सुरकुत्या पडतील आणि हे प्रतिबिंब दिवसभरासाठी मोडेल. बहुतेक गाड्या येतात त्या दुपारी. त्यांना दिसतो तो निळा रंग. तोही सुंदरच, पण चंद्रतालचं हे रूप बघायचं तर रात्री जवळपास मुक्काम हवा.

आणि सगळी अडचण त्या मुक्कामातच आहे.

(दृश्य: बातलहून वर येणारी अरुंद वाट. एका बाजूला दरड, खाली चंद्रा नदी.)

चंद्रताल आहे हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात, सुमारे 4,300 मीटर उंचीवर. पसारा 49 हेक्टर. 2005 पासून रामसर करारातल्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. जून मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत रस्ता साधारण उघडा असतो. त्यातला सप्टेंबर सगळ्यात भरवशाचा: आकाश स्वच्छ, नाल्यांना पाणी कमी. थंडी मात्र कडक.

जवळची वाट मनालीची. अटल बोगद्यातून पलीकडे निघायचं, कोकसर, ग्राम्फू, छत्रू, बातल आणि तिथून एकपदरी कच्च्या रस्त्याने 14 किलोमीटर. नीट निघालं तर एका दिवसात पोहोचता येतं, म्हणून सगळे हीच वाट धरतात. मनाली 2,050 मीटरवर आहे. म्हणजे सकाळी तिथे चहा पिऊन निघालेला माणूस रात्री सव्वादोन हजार मीटर वर झोपतो. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा पर्वतीय वैद्यकाचा नियम आहे. इथे तो सरळसरळ धाब्यावर बसतो.

4,300 मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण साठ टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. खाली भरलेलं वेफर्सचं पाकीट इथे पोहोचेपर्यंत फुग्यासारखं टम्म होतं, ते याच कारणाने. शरीराला या दाबाची सवय व्हायला दिवस लागतात, आणि तब्येत धडधाकट असली म्हणून त्यात सूट मिळत नाही. रोज दहा किलोमीटर पळणाराही इथे आडवा होतो, कित्येकदा तोच आधी, कारण तो थांबायला तयार नसतो.

(दृश्य: नकाशा. शिमल्याकडून काझाकडे सरकणारी रेघ.)

म्हणून चंद्रताल सहलीच्या शेवटी ठेवावं. शिमल्याकडून किन्नौरमार्गे यायचं. उंचीचा जिना मग असा पडतो: कल्पा 2,960 मीटर, ताबो 3,280, काझा 3,650, लोसर 4,080, आणि मग चंद्रताल. काझाला दोन रात्री काढाव्यात. लोसरहून कुंझुम खिंड चढून पलीकडे उतरलं की बातलच्या अलीकडे तळ्याचा फाटा लागतो. झोपायची उंची शेवटच्या दिवशी जेमतेम सव्वादोनशे मीटर वाढते. या फेऱ्याला चार-पाच दिवस जास्त लागतात, पण त्या दिवसांत किन्नौर आणि स्पितीही बघून होतात.

रजा कमी आहे आणि मनालीकडूनच यायचं आहे, तर निदान सिस्सूला दोन रात्री थांबावं. उंचीचा त्रास टाळायला ॲसिटाझोलामाइडची गोळी चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतात, पण डॉक्टरांना विचारून. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये.

(दृश्य: तंबूत डोकं धरून बसलेला प्रवासी.)

डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं ही उंची बाधल्याची पहिली खूण. एवढ्यावर वर चढणं थांबवायचं, पाणी प्यायचं, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळायच्या. स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, खोकला येत असेल, तर ते फुप्फुसात पाणी साठण्याचं लक्षण. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगावं. तोल जात असेल तर मेंदूला सूज येते आहे असं धरायचं. या दोन्हींतलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी खाली निघायचं.

इथेच चंद्रताल फसवं आहे. खाली म्हणजे कुठे? बातल 14 किलोमीटरवर, पण उंचीत फरक जेमतेम साडेतीनशे मीटर. काझाकडे पळावं तर आधी साडेचार हजार मीटरची कुंझुम आडवी. खरी उतराई छत्रूकडे, तीही दगडधोंड्यांतून काही तासांची. आजारी माणसाला इथून पटकन खाली नेता येत नाही, म्हणून इथे आजारी न पडण्याची तजवीज आधीच करून ठेवावी लागते.

(दृश्य: तंबूंची रांग. मागे उघडेबोडके डोंगर.)

तळ्याच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे. मुक्कामाचे तंबू दोन-तीन किलोमीटर अलीकडे, आणि गाडीतळापासून पाण्यापर्यंत शेवटचा टप्पा पायी. तयार तंबूत गादी, रजई, जेवण मिळतं. स्वतःचा तंबू लावायचा तर तोही त्याच परवानगीच्या भागात.

जमीन मुरमाड आहे. खुंटी चार बोटं जाते, दगडाला लागून वाकते आणि संध्याकाळच्या वाऱ्यात उपटून येते. दोरीचा फास लांब, सपाट दगडाभोवती घालावा, त्यावर कलिंगडाएवढे दोन दगड रचावेत. तंबूचं दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला. झरोके बंद करण्याचा मोह होतो, पण मग रात्रभराच्या श्वासाची वाफ कापडावर जमते आणि पहाटे थेंबाथेंबाने स्लीपिंग बॅगवर गळते. थोडी फट ठेवलेलीच बरी. तंबूत शेगडी पेटवायची नाही, आगीपेक्षाही कार्बन मोनॉक्साइडच्या भीतीने.

थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग अंगाखाली दबला की त्यातली हवा निघून जाते, मग ती बॅग कितीही महागडी असो. मॅट जाड हवी, शक्यतो दोन.

पाणी इथे साधारण 86 अंशांना उकळतं. साध्या पातेल्यात भात कच्चा राहतो, डाळ तर शिजतच नाही. छोटा कुकर न्यावा. शेगडीसाठी निव्वळ ब्यूटेन गॅसची डबी शून्य अंशाच्या आसपास बसून जाते, प्रोपेन मिसळलेली घ्यावी. पाण्याचा पोकळ तंतूंचा फिल्टर आणि बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगेत पायाशी घ्याव्यात. फिल्टर एकदा गोठला की आतले तंतू फाटतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

(दृश्य: दुपार. गडद निळं पाणी. काठाशी केशरी बदकांची जोडी.)

तळ्यात पोहू नये. एवढ्या थंड पाण्यात शिरताच श्वास आपोआप आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर त्या एका श्वासाने खेळ संपतो.

काठाने चालावं. फेरी अडीच-तीन किलोमीटरची, पण या हवेत दीड तास धरावा. केशरी अंगाची ती बदकं म्हणजे चक्रवाक. हिवाळ्यात भिगवणच्या पाण्यावर दिसतात तीच जात. उन्हाळ्यात ती अशा उंच तळ्यांकाठी पिल्लं वाढवते. जोडी मान ताठ करून ओरडायला लागली, की आपण फार जवळ आलो असं समजावं.

समोरच्या शिखरांना गिर्यारोहक नुसतं 'सी. बी.' म्हणतात. सी. बी. म्हणजे चंद्रभागा, आणि पुढे क्रमांक. चंद्रा नदीचा उगम या तळ्यात असल्याचं सर्रास सांगितलं जातं. खरं तर नदी हिमनद्यांतून येते, तळ्याचं पाणी तिला खाली जाऊन मिळतं. पुढे तांदीला भागा भेटते आणि चंद्रभागा होते, म्हणजेच चिनाब. पंढरपूरच्या चंद्रभागेशी नातं नावापुरतंच.

(दृश्य: रात्र. आकाशगंगा.)

नाव चंद्राचं असलं तरी ताऱ्यांसाठी अमावस्येच्या आगेमागे यावं. फोटो काढायचे तर कॅमेरा तिपाईवर, एफ 2.8, पंधरा सेकंद, आयएसओ 3,200, इथून सुरुवात करावी.

(दृश्य: पहाटे निघालेली गाडी. रस्त्यावरून वाहणारा नाला.)

परतताना उजाडताच निघावं. रात्रीच्या गारठ्यात हिमनद्यांचं वितळणं मंदावतं, म्हणून पहाटे नाले सगळ्यात उथळ असतात. दुपारनंतर तेच पाणी चाकं बुडवतं. पावसाळ्यात एक दिवस हातचा ठेवावा: जुलै 2023 मध्ये बर्फ आणि दरडींमुळे इथे सुमारे 300 पर्यटक काही दिवस अडकले होते. ग्राम्फूपासून काझापर्यंत पेट्रोल पंप नाही. नाल्यात उतरण्याआधी चालकाने खाली उतरून पाण्याखालचे दगड बघून घ्यावेत, मग पहिल्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता, पलीकडे.