गोमा: चुकुडू, लाव्हा आणि नाके

पत्रिकेत विषय छापलाय 'गोमातलं युद्ध कशामुळं'. त्यावर येतोच, पण आधी चुकुडूबद्दल बोलू द्या, कारण काँगोतल्या या गावाचं नाव निघालं की टीव्हीवर बंदूक आणि कोल्टन (मोबाइलच्या भागांत लागणारं खनिज) एवढंच दाखवतात, आणि माझं डोकं फिरतं.

चुकुडू म्हंजे लाकडी दुचाकी. पेडल नाही, चेन नाही, इंजिन तर नाहीच. निलगिरीचं लाकूड, दोन लाकडी चाकं, त्यावर जुन्या टायरचं रबर ठोकलेलं, गुडघा टेकायला रबराचा तुकडा. एक गुडघा फळीवर, दुसऱ्या पायानं जमीन मागं रेटायची. किबुंबा गावाकडून उतार लागला की गडी बटाटे, कोबी, कोळशाची पोती घेऊन सुसाट, काही क्विंटल माल असतो हो! चढाला मात्र ढकलत न्यायचा, तिथं सगळी ऐट उतरते. काँगोचा हुकूमशहा मोबुटू, त्याच्या काळापासून हे चाललंय आणि गोमाच्या एका मोठ्या चौकात चुकुडूवाल्याचा सोनेरी पुतळा आहे. आपल्याकडं हातगाडीवाल्याचा पुतळा पाहिलाय कुणी? हसू नका, सांगा.

आता गाव. किवू तलावाच्या काठावर, रस्ता ओलांडला की रवांडाचं गिसेन्यी, आणि डोक्यावर न्यिरागोंगो ज्वालामुखी. १७ जानेवारी २००२ ला लाव्हा बाजारपेठेतून वाहत थेट तलावात गेला, विमानतळाच्या धावपट्टीचाही काही भाग गाडला गेला. लोक पळाले, आणि थोड्याच दिवसांत परत! त्याच काळ्या दगडावर फळ्यांची घरं उभी केली, त्याच दगडाची कुंपणं घातली. २०२१ च्या मे महिन्यात पुन्हा लाव्हा आला, तो विमानतळाच्या अलीकडं थांबला. आपलं लष्कर युएनच्या निळ्या टोप्या घालून तिथं वर्षानुवर्षं आहे, दवाखानाही चालवतं, पण आपल्या पेपरात त्याची बातमी कोपऱ्यात.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, म्हणून आता पळवतो. जुलै १९९४, रवांडातल्या नरसंहारानंतर चारपाच दिवसांत ८-१० लाख निर्वासित गोमात, त्यांच्यात मारेकरीही होते. कॉलरानं हजारो गेले, दगड इतका कठीण की कबरी खणता येईनात. छावण्यांतून रवांडावर हल्ले सुरू झाले, मग १९९६ ला रवांडा आत घुसला, १९९७ ला मोबुटूची सत्ता गेली, १९९८ ला दुसरं युद्ध, आणि नंतर टोळ्यांचं पेवच फुटलं. एम-२३ या बंडखोर गटानं २०१२ ला गोमा घेतलं, दहाबारा दिवसांत सोडलं, जानेवारी २०२५ ला परत घेतलं. युएनचे तज्ज्ञ म्हणतात पाठीशी रवांडाचं सैन्य, रवांडा म्हणतो छे. विमानतळ बंद झाला, बँका बंद पडल्या.

माझं म्हणणं एवढंच की खाणीइतकाच पैसा रस्त्यात आहे. रस्त्याला दोरी बांधली, दोन बंदूकवाले उभे केले की झाला नाका, आपल्या टोलसारखाच, फक्त पावतीची शाश्वती नाही. रुबायाची कोल्टनची खाण २०२४ ला एम-२३ कडं गेली, तिथून महिन्याला ८ लाख डॉलर कर निघतो असं युएनच्याच तज्ज्ञांचं म्हणणं, ते सगळीकडं छापून आलं. पण कोळशाच्या एका पोत्यावर, केळीच्या घडावर वाटेत जे द्यावं लागतं ते कोण मोजतं? सैनिकही घेतात, टोळीही घेते, आणि गावाचा ताबा बदलला तरी दोरी तिथंच. म्हणून युद्ध संपवायला कुणाला घाई नाही.

बरं बरं, थांबतो. प्रश्न चहाला विचारा, पण नाक्यांवर विचारा हं, कोल्टनवर नको.