लँकेशायरमधलं लेलँड

श्रोतेहो, नमस्कार. एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या बसवर 'अशोक लेलँड' हे नाव तुम्ही कितीदा तरी वाचलं असेल. त्यातलं लेलँड हे इंग्लंडमधलं एक गाव. लँकेशायर परगण्यात, प्रेस्टन शहराच्या दक्षिणेला.

तिथल्या एका लोहाराचा मुलगा जेम्स समनर. त्याला वाफेच्या इंजिनांचं वेड. गवत कापायचं यंत्रही त्याने वाफेवर चालवलं. पण रस्त्यावरच्या गाड्यांना तेव्हा कायदा आडवा येई: गाडीपुढे एक माणूस चालत हवा आणि वेग ताशी 4 मैलांच्या आत. 1896 मध्ये हलक्या गाड्यांवरची ही बंधनं सैल झाली. त्याच वर्षी स्परियर कुटुंबाच्या भांडवलावर 'लँकेशायर स्टीम मोटर कंपनी' उभी राहिली. पहिली गाडी दीड टन माल वाहणारी, वाफेवर चालणारी व्हॅन. 1904 मध्ये पेट्रोलवरची गाडी आली. तिला लोक 'पिग', म्हणजे डुक्कर म्हणत! 1907 मध्ये कंपनीचं नाव झालं 'लेलँड मोटर्स'.

पुढे पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश हवाई दलासाठी लेलँडने तीन टनी ट्रक बनवले, जवळजवळ सहा हजार. युद्ध संपलं आणि हे ट्रक लिलावात निघाले. आघाडीवर झिजलेली गाडी कुणीही स्वस्तात घेणार, ती रस्त्यात बंद पडणार आणि बोल लागणार तो लेलँडला. म्हणून कंपनीने आपलेच ट्रक हजारोंनी परत विकत घेतले. लंडनजवळ हॅम इथल्या कारखान्यात ते पुरते खोलले, नव्याने बांधले आणि मगच विकले. मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोठा वाटतो. कारण किंमत जबर पडली. त्यात 1920 नंतर मंदी आली, नव्या गाड्यांना गिऱ्हाईक मिळेना आणि कंपनी बुडता बुडता वाचली. तरीही ते ट्रक पुढे कित्येक वर्षं इंग्लंडच्या रस्त्यांवर माल ओढत राहिले, आणि लेलँडची गाडी टिकते ही ख्याती त्यांनीच पसरवली.

कंपनी सावरली ती बसगाड्यांवर. 1927 मध्ये जी. जे. रॅकहॅम या अभियंत्याने 'टायटन' ही डबलडेकर आणली. तिची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, इतकी खाली होती की छप्पर असूनही ती कमी उंचीच्या पुलांखालून जाई. गावोगावच्या वाहतूक कंपन्यांनी टायटन घेतल्या. मद्रासच्या अशोक मोटर्सशी लेलँडची भागीदारी जुळली ती पुढे, आणि 1955 मध्ये दोन्ही नावं एकत्र आली.