दोन नद्यांच्या बेचक्यातलं केरो

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेच्या नकाशात इलिनॉय राज्याचं अगदी दक्षिण टोक शोधा. पूर्वेकडून ओहायो येते, पश्चिमेकडून मिसिसिपी, आणि दोघींच्या बेचक्यात सखल जमिनीची एक जीभ पुढे आलेली दिसते. तिच्यावर केरो वसलंय. स्पेलिंग इजिप्तच्या राजधानीचंच. पण तिथं जाऊन 'कैरो' म्हणालात, की पाहुणे परगावचे हे लगेच कळतं.

संगमावर नाव मिसिसिपीचं मोठं, पाणी मात्र ओहायोचं जास्त. केरोची मापपट्टीही ओहायोवरच आहे. तिच्यावर 40 फूट म्हणजे पूरपातळी. ही पाण्याची खोली नव्हे, ठरवून दिलेल्या शून्यापासूनची उंची. गावाला चहूबाजूंनी मातीचे बांध आणि काँक्रीटची भिंत आहे, पट्टीवरच्या सुमारे 64 फुटांना पुरेल अशी. उत्तरेला महामार्ग रेल्वेच्या भरावाखालून आत शिरतो. तिथं अवजड पोलादी दरवाजा टांगलाय. तो खाली सोडला, की गावाचं बेट होतं.

पण पाणी वरूनच येतं असं नाही. बांधाच्या पोटाखाली नदीची वाळू आहे. पातळी बरेच दिवस चढलेली राहिली, की पाणी त्या वाळूतून झिरपत आतल्या बाजूला उमाळ्यासारखं वर येतं. नितळ येतंय तोवर नुसती नजर ठेवायची. गढूळ झालं, वाळू बाहेर पडू लागली, तर बांधाचा पाया पोखरला जातोय असं समजायचं. अशा वेळी भोक बुजवायला जाणं ही घोडचूक. पाणी शेजारी नवी वाट फोडतं. उमाळ्याभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचतात आणि आत पाणी साचू देतात. साचलेल्या पाण्याच्या दाबानं प्रवाह मंदावतो. पाणी नितळ झालं, की कडं आणखी चढवायचं नाही.

2011 मध्ये पातळी 61.72 फुटांवर गेली, 1937 च्या महापुराच्याही वर. 2 मेच्या रात्री लष्कराच्या अभियंत्यांनी समोरच्या मिझुरी राज्यातला बर्ड्स पॉइंटचा बांध सुरुंगानं उडवला. सुमारे 1,30,000 एकर शेतजमीन पाण्याखाली गेली आणि केरोवरचा ताण उतरला. ही सोय 1927 च्या पुरानंतर आखलेलीच होती. तरीही, ज्याचं शेत बुडालं त्याला ती पटावी कशी?

गाव वाचलं खरं, पण माणसं आधीपासूनच चालली होती. 1920 च्या जनगणनेत 15,203 लोक होते, 2020 मध्ये 1,733. केरो मोठं झालं ते इथं प्रवास थांबायचा म्हणून. रेल्वेचे डबे बोटीवर चढवून ओहायोपार न्यावे लागत, आणि त्यावर हमाल, गोदामं, हॉटेलं जगत. 1889 मध्ये ओहायोवर रेल्वेपूल झाला, पुढे मोटारींचे पूल आले, 1978 मध्ये तर आंतरराज्य महामार्ग गावाला वळसा घालून गेला. आता थांबायचं कशाला?

सगळा दोष पुलांच्या माथी मारणं मात्र सोयीचं होईल. 1967 मध्ये रजेवर आलेल्या एका कृष्णवर्णीय सैनिकाचा पोलिस कोठडीत मृत्यू झाला आणि गाव पेटलं. 1969 पासून कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. काही दुकानदारांनी त्यांना नोकरी देण्यापेक्षा दुकानाला टाळं लावलं. 1960 ला 9,348 लोक होते, 1970 ला 6,277 उरले. 2017 मध्ये मोडकळीला आलेल्या दोन सरकारी वसाहती रिकाम्या करायचा निर्णय झाला आणि शेकडो माणसांना घर शोधावं लागलं. गावात भाड्याची घरं जवळपास नव्हतीच, त्यामुळे बरेच जण गावाबाहेर गेले.

बांधाची लांबी मात्र तेवढीच आहे. नदी चढली, की गटारांची तोंडं बंद करावी लागतात, नाहीतर पाणी उलटं आत शिरतं. मग गावात पडलेला पाऊस पंपानंच उपसावा लागतो. 15,000 माणसं असोत की 1,700, पाऊस तेवढाच पडतो. कर भरणारे मात्र घटलेत.