वर काय, खाली काय : क्रूझवरची बाल्कनी केबिन

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'डेक प्लॅन कसा वाचावा'. डेक म्हणजे जहाजाचा मजला, डेक प्लॅन म्हणजे त्या मजल्यांचा नकाशा. तो सांगतोच. पण आधी एक तक्रार मांडू द्या. ती मांडल्याशिवाय नकाशा हातात घेऊन काही उपयोग नाही.

तुम्ही बहुतेक सगळे मुंबई-ठाण्यात फ्लॅट घेतलेली माणसं. बिल्डरनं आपल्याकडून एक धडा घोटून घेतलाय : फ्लोअर राइज. मजला चढला की चौरस फुटाचा भाव चढला. वर हवा, वर उजेड, वर डास कमी. हे इतकं अंगात मुरलंय की क्रूझचं बुकिंग करायला बसलं की पहिला प्रश्न तोच : "सगळ्यात वरची बाल्कनी शिल्लक आहे का?" एजंट कशाला नाही म्हणेल? क्रूझ कंपन्यांनाही हे चांगलं ठाऊक आहे. तीच खोली, तीच चाळीस-पन्नास चौरस फुटांची बाल्कनी, त्याच दोन खुर्च्या आणि एक तिपाई. आठव्या डेकवर एक भाव, बाराव्यावर दुसरा. आपण तो मुकाट्यानं देतो. इमारत पाण्यावर तरंगत नसते, एवढंच विसरतो.

थोडं गणित करू, शाळेतलंच आहे. समजा जहाज ३०० मीटर लांब आहे. समोरून लाट आली की त्याचं पुढचं टोक वर जातं, मागचं खाली, मग उलट. हे फिरणं साधारण जहाजाच्या मध्याभोवती होतं. जहाज फक्त १ अंशानं कललं, तर मध्यापासून १२० मीटर पुढे असलेली केबिन २ मीटरनं वर उचलली जाते आणि पुढच्या क्षणी तितकीच खाली बसते. मध्यापासून २० मीटरवरची केबिन? पस्तीस सेंटिमीटर. एकाच तिकीटदराच्या दोन केबिनांत हा फरक आहे.

आता आडवं डोलणं बघा. जहाज डावी-उजवीकडे डोलतं ते साधारण पाण्याच्या पातळीजवळच्या अक्षाभोवती. २ अंशांचं डोलणं धरा, फार नाही. पाण्यापासून १२ मीटरवर असाल तर बेचाळीस सेंटिमीटर सरकाल, ३० मीटरवर असाल तर मीटरभराहून जास्त. म्हणजे ज्या उंचीसाठी जादा पैसे मोजले, तीच उंची तुम्हाला अडीचपट हलवते. कुणी म्हणेल, जहाजाला स्टॅबिलायझर असतात ना? असतात. पोटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येणारे पंख. पण ते आडवं डोलणं कमी करतात. पुढे-मागे होणाऱ्या झुल्यावर त्यांचा इलाज नाही. शिवाय पंखांवरून पाणी वाहिलं तरच ते काम करतात, म्हणून जहाज अगदी सावकाश चाललं किंवा नांगरून उभं राहिलं की त्यांचा जोर जातो.

वरच्या डेकचा दुसरा प्रसाद रात्री कळतो, खरं म्हणजे पहाटे. बहुतेक मोठ्या जहाजांची रचना अशी असते : खाली थिएटर, कॅसिनो, दुकानं, मुख्य डायनिंग रूम, मध्ये केबिनांचे सलग पाच-सहा डेक, आणि त्यांच्या डोक्यावर स्विमिंग पूल आणि बुफे. म्हणजे "सगळ्यात वरची बाल्कनी" मागणाऱ्याच्या डोक्यावर नेमकं काय येतं? पूलचा डेक. तिथे उजाडायच्या आत सफाई होते, डेक धुतला जातो, शेकडो आरामखुर्च्या रांगेत ओढून ठेवल्या जातात. जहाज पोलादाचं, एक खुर्ची ओढली तर खालच्या तीन खोल्यांना कळतं. वर बुफेचं स्वयंपाकघर असेल तर ट्रॉल्यांची चाकं. रात्री पूलपाशी डीजे असेल तर मग बोलायलाच नको. आपल्याकडे गणपतीत जे फुकट ऐकायला मिळतं त्यासाठी इथे फ्लोअर राइज भरायचा!

आणि गंमत बघा. महापालिकेला पैसे भरून स्वतःच्या घरची बाल्कनी बंद करून, सरकत्या काचा लावून ती हॉलमध्ये घेतलेली मंडळीच जहाजावर बाल्कनीसाठी हट्ट धरतात. असू दे. हट्ट योग्यच आहे. पण जहाजांवर बाल्कनी सरसकट झाली ती अलीकडे. १९८४ सालच्या 'रॉयल प्रिन्सेस'वर सगळ्या केबिना बाहेरच्या बाजूला होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच बाल्कनीच्या, हीच तेव्हा मोठी नवलाई होती. मुंबईहून २०२१मध्ये गोवा-लक्षद्वीपच्या फेऱ्या सुरू करणारं 'एम्प्रेस' १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं. त्या काळची बांधणी म्हणून तिच्यावर बाल्कन्या मोजक्याच. तिथे निवडीला वाव कमी. लवकर बुकिंग करणं हाच उपाय. सिंगापूरहून सुटणाऱ्या 'गेंटिंग ड्रीम'सारख्या २०१६च्या जहाजावर मात्र निम्म्याहून अधिक केबिना बाल्कनीच्या. तिथे "बाल्कनी द्या" एवढं म्हणून भागत नाही, कुठली ते सांगावं लागतं.

बाल्कनी म्हटलं की समुद्र दिसणारच, असंही धरून चालू नका. २००९ साली आलेल्या 'ओएसिस ऑफ द सीज'वर जहाजाच्या पोटात उघडा चौक आहे, त्यात खरी झाडं लावलेली बाग. त्या बागेकडे तोंड करून बाल्कन्या आहेत. बुकिंगच्या यादीत त्यांच्या नावात बाल्कनी आहेच, पैसेही बाल्कनीचे. बाहेर येऊन बसलात की समोर दिसतात समोरच्या केबिनीतले काका. म्हणजे चाळच की, फक्त इथे काकांशी बोलायची सोय नाही! बाग आवडत असेल तर जरूर घ्या, वारा फारसा लागत नाही. पण नाव नीट वाचून घ्या.

अशा ठिकाणी हमखास येणारा एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. बाल्कनीत ओले कपडे वाळत घालू देतात का? नाही. कठड्यावर टॉवेलसुद्धा नाही. कंपनी कडक म्हणून नव्हे. २३ मार्च २००६ रोजी पहाटे 'स्टार प्रिन्सेस' हे जहाज ग्रँड केमनहून जमैकाच्या माँटेगो बे बंदराकडे चाललं होतं. एका बाल्कनीत आग लागली. ब्रिटिश तपास यंत्रणेचा निष्कर्ष असा की बहुधा कुणीतरी टाकलेलं सिगारेटचं थोटूक कारणीभूत होतं. दोन बाल्कन्यांमधले आडोसे पॉलिकार्बोनेटचे, खुर्च्या प्लॅस्टिकच्या, जमिनीच्या फरश्याही जळणाऱ्या. त्यात चालत्या जहाजाचा वारा. बघता बघता आग वरच्या डेकपर्यंत चढली. धुरानं एक प्रवासी दगावला. खोल्यांमध्ये पाण्याचे फवारे होते म्हणून आग फारशी आत शिरली नाही, पण बाल्कन्यांमध्ये ना फवारे होते ना आगीची सूचना देणारी यंत्रणा. त्यानंतर सोलास, म्हणजे समुद्रावरील सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, त्यात बाल्कन्यांसाठी नियम आले आणि ते १ जुलै २००८पासून लागू झाले. आज बाल्कनीत सहज न पेटणारे आडोसे आणि खुर्च्या, किंवा छतावर फवारे दिसतात, त्यामागे ही रात्र आहे. म्हणून बहुतेक जहाजांवर तिथे सिगारेट नाही, मेणबत्ती नाही, उदबत्ती तर नाहीच. वाऱ्यानं उडालेला टॉवेल खालच्याच्या बाल्कनीत जाऊन पडतो, हे वेगळंच. आणि हो, बाल्कनीचं दार उघडं असताना खोलीचं मुख्य दार उघडू नका. वारा आरपार घुसतो आणि दार असं आपटतं की बोटं सापडली तर चेंदामेंदा. लहान मुलं बरोबर असतील तर हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली आहेत म्हणे. डेक प्लॅन अजून उघडलाच नाही! भराभर घेतो, लिहून घ्या.

नकाशा उघडलात की एकटा तुमचा डेक बघू नका, त्याच्या वरचा आणि खालचा असे तीन डेक शेजारी-शेजारी ठेवा. तुमच्या केबिनीच्या नेमकं वर आणि नेमकं खाली केबिनाच असल्या पाहिजेत. वर पूल, बुफे, जिम नको. खाली थिएटर, बार, डिस्को नको, बासचा ठोका गादीतून जाणवतो. डेक सारख्या लांबीचे नसतात, तेव्हा लिफ्ट आणि जिने खुणेला धरून जुळवा. तुमच्या डेकवर कुठे नुसती पांढरी रिकामी जागा दिसली, की तिथे कर्मचाऱ्यांची पॅन्ट्री किंवा सामानाची लिफ्ट आहे असं समजा. त्याला चिकटून केबिन घेऊ नका. लिफ्टच्या तोंडावरची नको, पण आजी-आजोबा बरोबर असतील तर चार-सहा दारांपलीकडची घ्या. ३०० मीटरच्या जहाजात पार टोकाची खोली मिळाली तर चष्मा विसरला म्हणून परत जाणं म्हणजे व्यायाम होतो.

लाइफबोट. सोलासप्रमाणे त्या शक्यतो पाण्यापासून १५ मीटरच्या आत टांगायच्या असतात, म्हणून त्या खालच्या बाजूला आणि जहाजाच्या मधल्या भागात रांगेनं दिसतील. त्यांच्या लगेच वरच्या डेकवरून खाली पाहिलं की पाण्याऐवजी नारिंगी टपं दिसतात. कंपनी अशा केबिना अडलेलं दृश्य म्हणून स्वस्तात देते. पण बोट लागणाऱ्या माणसासाठी हाच सौदा आहे : खालची, मधली आणि बाल्कनी असलेली. क्षितिज सरळ समोर दिसतं, पोट शांत राहतं. दृश्यही हवं असेल तर लाइफबोटींच्या दोन डेक वर जा.

पुढच्या टोकाला बंदरात शिरताना बो थ्रस्टर, म्हणजे जहाजाचं नाक आडवं सरकवणारे पंखे, सुरू होतात, पलंग थरथरतो. नांगर टाकला तर साखळीचा खडखडाट. तेही सकाळी सहाला. ब्रिज म्हणजे कप्तान जिथून जहाज चालवतो ती खोली. तिच्याजवळच्या, पुढे तोंड असलेल्या केबिनांना रात्री पडदे लावायला सांगतात, कारण तुमच्या दिव्यानं ब्रिजवरच्यांना समोरचा अंधार दिसत नाही. मागच्या टोकाला जहाजाच्या वाटेचा पांढरा पट्टा फार देखणा दिसतो, बाल्कन्याही बऱ्याचदा मोठ्या. पण थरथर असते, धुरांड्याची काजळी खुर्चीवर बसू शकते, आणि पायऱ्यांसारखी रचना असेल तर वरचे लोक थेट तुमच्या ताटात बघतात. काही जहाजं मध्यभागी बाहेर फुगलेली असतात. त्या फुगवट्याच्या तिरप्या कडेवरची बाल्कनी बहुधा मोठी असते, मिळाली तर सोडू नका.

दोन केबिनांमध्ये आतून दार असेल तर नकाशावर छोटा बाण किंवा त्रिकोण असतो. दोन कुटुंबं बरोबर जात असतील तर हेच मागा, बाल्कनीतला आडोसाही बहुधा उघडून देतात. अनोळखी शेजारी असेल तर टाळा, त्या दारातून घोरणं येतं. "गॅरंटी" भाव स्वस्त असतो, पण केबिन कंपनी ठरवणार. मग हे सगळं व्याख्यान वाया. आणि केबिन निवडून झाली की एजंटला बुकिंगवर 'अपग्रेड नको' असं नोंदवायला सांगा. नाहीतर फुकट अपग्रेड म्हणून उचलून वर पूलखाली नेतील आणि वर तुम्हाला आनंद झालाय असं धरून चालतील.

बाजू. व्हँकुव्हरहून अलास्कात सिवर्ड किंवा व्हिटियरला एकेरी जात असाल तर उजवी, कारण उत्तरेला जाताना किनारा उजवीकडे. तिकडून व्हँकुव्हरला येत असाल तर डावी. ग्लेशियर बेमध्ये मात्र हिमनदीसमोर जहाज सावकाश गोल फिरवतात, तिथे भांडायचं कारण नाही. जाऊन-येऊन फेरी असेल तर कुठलीही चालेल. सम क्रमांक डावीकडे, विषम उजवीकडे असं बऱ्याच जहाजांवर असतं, सगळ्यांवर नाही. नकाशावर पुढचं टोक कुठे ते बघून खात्री करा.

मुंबई-गोव्याचं म्हणाल, तर बॅलार्ड पियरहून निघून जहाज दक्षिणेला वळलं की गेट वे, ताज, कुलाबा आणि प्राँग्सचं दीपगृह उजव्या हाताला. सुटायची वेळ सूर्यास्ताआधीची असेल तर सूर्यही त्याच बाजूला मावळतो. परत येताना तेच सगळं डावीकडे. केबिन एकच मिळणार, तेव्हा जातानाची संध्याकाळ बाल्कनीतून बघायची असेल तर उजवी मागा, आणि येताना सकाळी चहा घेऊन वरच्या उघड्या डेकवर डाव्या कठड्याशी जाऊन उभे राहा. त्याला जादा पैसे पडत नाहीत.