थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी

नमस्कार श्रोतेहो. आज एका व्यंगचित्राबद्दल बोलायचंय, सव्वादोनशे वर्षं जुनं आहे, लंडनचं आहे, पण मला ते फार म्हणजे फारच आवडतं.

साल 1797. इंग्लंडचं फ्रान्सशी युद्ध चालू होऊन चार वर्षं झालेली, सरकार बँक ऑफ इंग्लंडकडून कर्जावर कर्ज उचलतंय, आणि त्यात फेब्रुवारीत वेल्सच्या किनाऱ्यावर फिशगार्डजवळ थोडं फ्रेंच सैन्य उतरलं. दोन दिवसांत ते शरण आलं खरं, पण तोवर लोकांची घाबरगुंडी उडालेली, जो तो नोटा घेऊन सोनं मागायला धावला. शेवटी सरकारने हुकूमच काढला की नोटेच्या बदल्यात सोनं द्यायचं नाही, आणि मग एक-दोन पौंडांच्या कागदी नोटा लोकांच्या हातात आल्या.

जेम्स गिलरेने मे महिन्यात चित्र काढलं. एक हडकुळी म्हातारी, अंगातला झगा सगळा नोटांचा, कुलूपबंद पेटीवर बसलीये, आणि पंतप्रधान पिट, काटकुळा, टोकदार नाकाचा, तिचा मुका घ्यायला वाकलाय. पण त्याचा हात बघा कुठंय, थेट तिच्या खिशात, सोन्याची नाणी बाहेर येतायत आणि म्हातारी जिवाच्या आकांताने ओरडतेय. ज्याला सरकारी कर्ज म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यालाही म्हातारीच्या कनवटीचा पैसा कळतोच की! ही म्हातारी म्हणजे बँक. आणि ती ज्या रस्त्यावर आहे त्यावरून तिला आजही थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी म्हणतात.

पुढची गोष्ट मात्र सांगताना घसा दाटून येतो. त्या छोट्या नोटा छपाईला इतक्या साध्या की खोट्या करणं सोपं, आणि खोटी नोट चालवली तरी फाशी. सोनं बंद होतं त्या काळात, म्हणजे 1821 पर्यंत, तीनशेच्या वर माणसं यापायी फासावर गेली, बरीचशी गरीब, काहींना तर वाचताही येत नसणार. जॉर्ज क्रुकशँक नावाचा तरुण चित्रकार न्यूगेट तुरुंगाजवळून जाताना त्याला फासावर लटकलेली माणसं दिसली, त्यांत बायकाही, हे त्याने स्वतः नंतर लिहून ठेवलंय. घरी जाऊन त्याने काय केलं, तर नोटच काढली! 1819 मधली गोष्ट. नोटेवर ओळीने लटकलेली अकरा माणसं, पौंडाची खूण फासाच्या दोराची, आणि सही बँकेच्या अधिकाऱ्याची नाही, जॅक केच या जल्लादाच्या नावाची. ती छापणाऱ्या विल्यम होन या प्रकाशकाच्या दुकानापुढे ती बघायला ही गर्दी लोटली.

दोन्ही चित्रं ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहेत, नेटवर सहज मिळतात. मोबाईलवर उघडलीत तर जरा मोठी करून बघा, गिलरेच्या चित्रात त्या पेटीचं कुलूप बघा, आणि क्रुकशँकच्या नोटेवर लटकलेल्यांत बायका शोधा.